गावात सेलिब्रिटी आणण्याआधी: मदतीमागून येणारे न ठरवलेले परिणाम (कोकण किनारा)

खाडीकाठ

चक्रीवादळ असो, पूर असो की शाळेचा अमृतमहोत्सव, कोकणातल्या ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीत एक सूचना ठरलेली: मुंबईहून एखादा मोठा कलाकार किंवा क्रिकेटपटू आणूया, निधी आपोआप जमेल. मुंबई मंडळात कुणाची तरी ओळख निघतेच. गणपतीत सगळे गावात असतात तेव्हा ठराव होतो, शिमग्याच्या आसपासची तारीख मिळते, आणि मधल्या महिन्यांत ज्या गोष्टी पक्क्या करायच्या त्या राहून जातात.

कलाकारांच्या हेतूवर इथे चर्चा नको. हेतू चांगला आहे असे धरूनच चालूया. चांगल्या हेतूने आलेले मोठे नाव गावात नेमके काय बिघडवते आणि ते आधी कसे अडवायचे, एवढेच लिहूया. ज्याला जे काम ठाऊक आहे त्याने त्या कामापुरते, कलम-माप-आकड्यांसह लिहावे.

जमिनीपासून सुरुवात करतो. पाहुणे स्टेजवरून जाहीर करतात, 'या गावाला सभागृह बांधून देतो.' दुसऱ्या दिवशी सातबारा काढला की त्यावर वीस-पंचवीस नावे. निम्मे हिस्सेदार मुंबईत, काही मयत आणि वारसनोंद झालेली नाही. सामायिकातला एक हिस्सेदार फार तर आपल्या अविभक्त हिश्श्यापुरते बोलू शकतो, पण 'रस्त्यालगतचे हे पाच गुंठे' असा ठरावीक तुकडा त्याला एकट्याला बक्षीसपत्राने देता येत नाही. आधी वारसनोंद, मग वाटप, मोजणी, फेरफार. यात वर्ष सहज जाते.

खरे नुकसान या वर्षात होते. काम जाहीर झालेले असल्याने ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्यातून ते गळते. दुसरे दाते 'तुम्हाला तर अमुक देणार आहेत ना' म्हणून हात आखडता घेतात. म्हणजे न आलेली मदत येऊ शकणारी मदत अडवून बसते. म्हणून लेखी पत्र आणि पहिला हप्ता हातात येईपर्यंत आराखड्यातून काम काढू नये, हे ग्रामसभेच्या ठरावातच लिहून घ्या.

किनाऱ्यावरच्या गावांनी सीआरझेडचा (किनारी नियमन क्षेत्राचा) नकाशा आधी पाहावा. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २१६१ हून कमी असेल तर भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र धरतात. फोटोत छान दिसणारी जागा नेमकी त्याच पट्ट्यात असते. क्रम असा ठेवा: सातबारा, सीआरझेड, ग्रामसभेचा ठराव, आणि मग आमंत्रण.

चिरेबंदी

चांगला विषय. बांधकामापुरते लिहितो.

हॉलिवूडचा नट ब्रॅड पिट याचे अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्समधले काम कोकणाने मुद्दाम अभ्यासावे, कारण वादळ, पाऊस आणि दमट हवा दोन्हीकडे आहे. २००५ च्या कतरिना वादळात तिथला लोअर नाइन्थ वॉर्ड उद्ध्वस्त झाला. २००७ मध्ये पिटने 'मेक इट राइट' ही संस्था काढली. १५० घरांचे लक्ष्य, नामांकित वास्तुरचनाकारांचे आराखडे. १०९ घरे उभी राहिली. ती फुकट नव्हती, रहिवाशांनी कर्ज काढून घेतली. बऱ्याच घरांना सपाट छप्पर होते, छप्पर भिंतीपुढे आलेले नाही, पन्हळ नाही. ओट्यांना आणि पायऱ्यांना काच मुरवलेले नव्या जातीचे लाकूड वापरले, ते काही वर्षांतच कुजले. पाणी आत शिरले, बुरशी धरली. २०१८ मध्ये रहिवासी कोर्टात गेले. २०२२ मध्ये २ कोटी ५ लाख डॉलरची तडजोड जाहीर झाली, पण ती रक्कम भरायचे कबूल केलेल्या त्रयस्थ संस्थेकडून पैसे ठरल्याप्रमाणे आले नाहीत. गळक्या घराचा हप्ता मात्र दर महिन्याला चालूच.

आता आपल्याकडे पाहा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही वाऱ्याबरोबर आडवा. जांभा सच्छिद्र दगड, बाहेरून भिजत राहिला की ओल आतल्या गिलाव्यापर्यंत येते. म्हणूनच जुन्या घरांना उतरते छप्पर, पुढे पडवी, भिंतीपासून दोन-अडीच फूट लांब पडणारी पागोळी आणि झडीच्या बाजूला झावळांचे झाप. दात्याला 'पक्के घर' म्हणजे सपाट स्लॅब वाटतो. त्या स्लॅबवर काही वर्षांत पत्र्याची शेड चढते, हे एसटीच्या खिडकीतून कुठल्याही गावात दिसते. म्हणजे छपराचा खर्च दोनदा, आणि दुसऱ्यांदा घरमालकाच्या खिशातून.

दात्याच्या आर्किटेक्टकडून या गोष्टी लेखी मागा. उतार २५ ते ३० अंश. कौले असतील तर वासे आणि रिपा सागाच्या किंवा प्रक्रिया केलेल्या लाकडाच्या. पत्रा असेल तर पागोळी फार लांब काढू नका, कारण वादळात पत्रा कडेपासून उचलला जातो. पत्रा अडकवायचे जे-हुक खाऱ्या हवेत गंजतात. रबरी वॉशरचे स्क्रू घ्या आणि कडेच्या रांगेत प्रत्येक उंचवट्यावर मारा. कैची (छपराचा त्रिकोणी सांगाडा) भिंतीवर नुसती टेकवायची नाही. भिंतीवरच्या काँक्रीट पट्ट्यात आधीच बोल्ट ओतून ठेवायचे आणि त्यांना ती आवळायची. काँक्रीटसाठीचे भारतीय मानक आयएस ४५६ किनाऱ्यावरच्या उघड्या कामाला 'सिव्हिअर' (तीव्र) वर्गात धरते: किमान एम-३० दर्जाचे काँक्रीट आणि सळईवर ४५ मिमी आवरण. न धुतलेली खाडीची वाळू आवारातच येऊ देऊ नका.

आणि तारीख! पाहुण्यांची तारीख ठरली की काम उलटे मोजले जाते. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवायचे असतात. तारीख जवळ आली की पहिली काटछाट इथे आणि पाणी मारण्यात होते. उद्घाटन एक पूर्ण पावसाळा गेल्यावरच ठेवा. ठेकेदाराचे १० टक्के तोवर रोखून ठेवा. गळती जून-जुलैत कळते, एप्रिलच्या समारंभात कळत नाही.

रोहिणी_दापोली

दोन्ही प्रतिसाद पटले, पण दुसरी बाजूही मांडते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकले. मुंबई वाचली आणि देशाच्या दृष्टीने बातमी संपली. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, मंडणगड, दापोली इथल्या वाड्या आडव्या झाल्या होत्या. अशा वेळी एका मोठ्या नावाने मोबाइलवर दोन मिनिटे बोलले तरी कॅमेरे वळतात. नावाशिवाय आपल्याकडे कोण पाहते? तेव्हा 'आणू नका' असे कुणी म्हणू नये.

माझे म्हणणे, नाव लांबच्या कामाला वापरा. नारळ-सुपारी नव्याने लावली की उत्पन्नाला सहा-सात वर्षे लागतात. वाटलेला मदतीचा किट महिनाभर पुरतो. त्या मधल्या वर्षांचे काय, नुकसानभरपाई झाडागणिक की क्षेत्रावर, कर्जाच्या हप्त्यांचे काय, हे प्रश्न पाहुण्यांनी सरकारदरबारी वर्षभर लावून धरले तर ते कुठल्याही किटपेक्षा मोलाचे.

रोपवाटपाबद्दल मात्र सावध राहा. एकदम हजारो नारळरोपे हवीत म्हणून मिळेल तिथून ट्रक भरले जातात. रोप ९ ते १२ महिन्यांचे, सहा पाने, बुंध्याचा घेर १० सेंटिमीटरच्या पुढे, एवढे तरी पाहूनच घ्या. पानाच्या खालच्या बाजूला पांढऱ्या मेणचट गोलाकार रेघा दिसल्या तर ती चक्राकार पांढरी माशी. तो ट्रक गावात उतरवून घेऊ नका, फुकटच्या रोपाबरोबर कीड जुन्या वाडीत जाते. बाणवली (उंच जात) हवी की टी x डी (उंच आणि बुटक्या जातींचा संकर), हे वाडीवाल्याला विचारून भाट्ये नारळ संशोधन केंद्राकडे किंवा कोकण कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत आगाऊ मागणी नोंदवा. लागवड साडेसात मीटरवर. फोटोसाठी दहा-दहा फुटांवर लावलेली रोपे पुढे एकमेकांचा उजेड खातात.

हिशेबनीस

पैशाचे घोडे शब्दांवर अडते, म्हणून शब्दांपासून सुरू करतो.

जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांच्या वेळी सेलेस्ट बार्बर या विनोदी अभिनेत्रीने फेसबुकवर निधी उघडला. लक्ष्य ३० हजार डॉलर, जमले सुमारे ५ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. पैसे जात होते न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण अग्निशमन दलाच्या न्यासात. रक्कम वाढली तशी तिने सांगितले की बळींची कुटुंबे, इतर राज्ये, वन्यजीव यांनाही यातले देऊ. मे २०२० मध्ये न्यू साउथ वेल्स राज्याच्या सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले की न्यासपत्रात लिहिलेल्या उद्देशाबाहेर पैसे जाऊ शकत नाहीत. दलाचे प्रशिक्षण, साधने, जखमी स्वयंसेवक, कर्तव्यावर मेलेल्यांची कुटुंबे, इतके चालेल. दुसऱ्या संस्थांना किंवा प्राण्यांना नाही. कुणी फसवले नव्हते. देणगीदारांनी तिचा शब्द ऐकला आणि कायद्याने न्यासपत्र वाचले.

आपल्याकडे हेच लहान प्रमाणात घडते. आवाहन 'अमुक गावच्या पूरग्रस्तांसाठी' असते. पैसे गरजेपेक्षा जास्त येतात, शेजारच्या वाडीला काहीच नाही, आणि तिकडे वळवायचे तर आवाहनात ते नाव नाही. म्हणून आवाहनातच तीन वाक्ये घाला: शिल्लक राहिल्यास कोणत्या कामाला, शेजारची कोणती गावे यात धरली आहेत, आणि काम रद्द झाल्यास पैसे कुठे जातील.

खाते कुणाचे? कुणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नका. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५० हजारांच्या वर आलेली रक्कम त्या माणसाचे करपात्र उत्पन्न धरली जाते. सरळ माणूस नोटिशीत अडकतो. नोंदणीकृत न्यास नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या, गणेशोत्सव मंडळे घेतात तीच. नंतर हिशेब द्यावा लागतो. देणगीदाराला ८०जी ची आयकर सवलत द्यायची असेल तर २ हजारांवरची देणगी रोखीत नको. कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी हवा असेल तर काम करणाऱ्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. ती ऐन वेळी करता येईल यावर विसंबू नका.

प्रसिद्ध माणसाचा व्हिडिओ परदेशात जातो, तिथे वेगळाच पेच. कोकणातले कितीतरी लोक आखातात आहेत. भारतीय पासपोर्ट असलेल्याने कुवेतहून बँकेमार्फत स्वतःच्या कमाईतले पाठवले तर ती विदेशी देणगी नव्हे. ओसीआय कार्डवाल्या (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या) भाच्याने लंडनहून पाठवले तर ती विदेशी, आणि एफसीआरए (विदेशी देणगी कायदा) नोंदणी नसलेल्या संस्थेला ती घेताच येत नाही. 'दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेत घ्या, तिथून आम्हाला द्या' हा मार्ग २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला. क्यूआर कोडखाली एक ओळ टाका: 'फक्त भारतीय नागरिकांकडून.'

तळकोकण

मशीन देतत, टाकी देतत, सोलार देतत. पण लायटीचा बिल कोण भरतलो, ह्या कोणच विचारणा नाय. पाण्याच्या मशीनबद्दल कोणीतरी लिवा.

सड्यावरून

@तळकोकण, लिहितो. सध्या सर्वांत जास्त दिली जाणारी वस्तू म्हणजे आरओचे, पाण्यातले क्षार काढणारे मशीन. मोठे, चकचकीत, वर नाव लिहायला भरपूर जागा.

आरओ लागतो तो पाण्यात विरघळलेले क्षार जास्त असतील तेव्हा. भारतीय मानकात टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानतात. जांभ्याच्या भागातल्या साध्या विहिरींचे पाणी मुळात मृदू, बहुतेक ठिकाणी त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी. तिथे आरओ बसवून काय साधते? लहान मशीनमधून साधारण ४० टक्के पाणी पिण्याचे निघते. म्हणजे १००० लिटर शुद्ध पाण्यासाठी विहिरीतून २५०० उपसायचे आणि १५०० गटारात सोडायचे. तेही एप्रिल-मेमध्ये, जेव्हा बाया पहाटे चारला विहिरीवर नंबर लावतात. आपली अडचण क्षारांची नाही. तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत समुद्राला मिळतो आणि मेमध्ये विहीर तळ गाठते, ही अडचण आहे.

खाडीकाठच्या मचूळ विहिरींना आरओ योग्य आहे. तिथेही आधी मेमध्ये, पाणी सर्वांत खाली असताना, टीडीएस मोजा. ५ मायक्रॉनची फिल्टर काडी एक ते तीन महिन्यांनी बदलायची, मेम्ब्रेन (क्षार अडवणारा पडदा) दोन-तीन वर्षांनी. पाण्यात लोह असेल तर त्याआधीच तुंबते. मीटर कुणाच्या नावावर, घागरीला किती आकार, पैसे गोळा कोण करणार, हे दानपत्रात नसेल तर पहिले मेम्ब्रेन गेले की मशीनला कुलूप लागते. आणि मशीन आल्यापासून विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणे बंद झालेले असते. बंद मशीन आणि अशुद्ध विहीर, असा दुहेरी फटका पहिल्या पावसात बसतो.

टीसीएलचे मापही देऊन ठेवतो. विहिरीचा व्यास ३ मीटर, पाणी ४ मीटर खोल असेल तर ३ गुणिले ३ गुणिले ४ गुणिले ०.७८५, म्हणजे साधारण २८ घनमीटर, २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने ७० ग्रॅम पावडर. बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरचे निवळ पाणीच विहिरीत सोडा. अर्ध्या-एक तासाने ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन उरले का ते पाहणारी चाचणी) पिवळा रंग यायला हवा. नाही आला तर आणखी टाका. पुराचे पाणी शिरलेली विहीर आधी उपसावी लागते, तिला हे माप पुरत नाही.

दुसरा मुद्दा, गाजलेल्या नमुन्याची नक्कल. आमिर खान यांच्या पानी फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा २०१६ ते २०१९ या काळात झाली. २०१६ ला तीन तालुके, पुढे सत्तरच्या वर, सगळे अवर्षणप्रवण भागातले. तिथली माती आणि पाऊस धरून सलग समतल चर (उतारावर एकाच पातळीतले, पाणी जिरवणारे) खणले गेले. टीव्हीवर ते पाहून कोकणात डोंगरउतारावर चर मारायची टूम निघते. आपल्या डोंगरात जांभ्याखाली चिकण, निसरड्या मातीचा थर असतो. वस्तीच्या वरच्या तीव्र उतारावर पाणी जिरवत ठेवले की तो थर भिजून जड होतो. तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) या दरडींनंतर तरी वस्तीच्या माथ्यावर चर खणण्याआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेला विचारा. आपल्याला चालते ते ओढ्यावर, पावसाळा सरताना धार चालू असताना बांधलेले कच्चे बंधारे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांचा वनराई बंधारा, किंवा दगड रचून पाण्याच्या बाजूला प्लास्टिक अंथरलेला कोकण विजय बंधारा. दरवर्षी पुन्हा बांधावे लागतात, म्हणून त्यांना दाता मिळत नाही.

वाशिष्ठी

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुराच्या संदर्भात आवाहनांबद्दल थोडक्यात.

मोठ्या नावाचा व्हिडिओ वेळेवर येतो, पण त्यावर तारीख नसते. तो पंधरा दिवस फिरत राहतो. पहिल्या दोन-तीन दिवसांना पाणी, तयार अन्न, टॉर्च, मेणबत्त्या, औषधे लागतात. चौथ्या दिवसापासून फावडी, घमेली, गमबूट, हातमोजे, पाण्याच्या दाबाचे पंप, टीसीएल, फिनेल. मग शेगडी दुरुस्त करणारे, वायरमन, भांडी, गाद्या, वह्या-पुस्तके. बिस्किटांचे ट्रक मात्र दहाव्या दिवशीही येत राहतात, आणि घाटात एकेरी वाहतूक असताना पंप घेऊन येणारी गाडी त्यांच्या मागे थांबते.

'घरातले वापरलेले कपडे द्या' हे वाक्य व्हिडिओत असूच नये. गाठोडी उघडून निवडायला माणसे नसतात. ती पावसात भिजतात, कुजतात, आणि चिखल उपसून दमलेल्या सफाई कामगारांना तो ढीगही उचलावा लागतो. आवाहनात चारच गोष्टी: वस्तू आणि नग, उतरवण्याचे ठिकाण, शेवटची तारीख, आणि काय आणू नये. दर दोन दिवसांनी जुना व्हिडिओ काढून नवा टाकायची जबाबदारी पाहुण्यांच्या टीमकडून नाव लिहून घ्या.

वाळूतली_पावले

किनारा सफाईबद्दल.

वर्सोव्यात २०१५ पासून अफरोज शाह यांच्या पुढाकाराने सफाई झाली, अमिताभ बच्चन यांनी तिथे ट्रॅक्टर आणि खोदाई यंत्र दिले, २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडलेची पिल्लेही दिसली. तिथे वाळूवर प्लास्टिकचा थर साचला होता, यंत्राशिवाय निघणारा नव्हता. तेच यंत्र वेळास, आंजर्ले, गुहागरला आणले तर उलटे होते. कासवाचे घरटे वाळूत दीड-दोन फुटांवर, एकेकात शंभराच्या आसपास अंडी. नोव्हेंबर ते मार्च माद्या येतात, पिल्ले बाहेर पडायला पुढे ४५ ते ६० दिवस. ट्रॅक्टरच्या वजनाने वाळू दबते आणि चाकाच्या चरात सापडलेले पिल्लू समुद्राकडे जाण्याऐवजी चरातूनच चालत राहते. 'कचरा' म्हणून उपटली जाणारी मर्यादावेल हीच वाळू धरून ठेवते.

प्रसिद्ध पाहुणे पिल्ले सोडायला येतात तेव्हा त्यांच्याबरोबर दिवे येतात. पिल्लू उजेडाच्या दिशेने जाते. संध्याकाळी कॅमेऱ्याचा दिवा जमिनीच्या बाजूला लावला की ते मागे वळते. पाहुण्यांना पहाटेचीच वेळ द्या, सूर्यप्रकाशात. दोरीच्या मागे उभे राहायचे, पिल्लू हातात घ्यायचे नाही, सोडल्यावर पाण्यापर्यंतचे अंतर त्याला स्वतः चालू द्यायचे. कासव वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, हे आमंत्रणपत्रातच लिहा. व्हिडिओ गाजला तर पुढच्या आठवड्यात येणाऱ्या गाड्या कुठे लावायच्या ते आधी ठरवा. वाळूवर नक्कीच नाही.

मतपेटी

राजकारणाची बाजू राहिली.

निवडणुकीत गावात येणारा नट बहुधा 'स्टार प्रचारक' असतो. मान्यताप्राप्त पक्षाला ४० नावे देता येतात, नोंदणीकृत पण अमान्य पक्षाला २०. त्यांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यात धरत नाहीत. पण उमेदवार त्या मंचावर बसला, किंवा त्याचे नाव-फोटो सभेच्या फलकावर आला, की सभेचा खर्च त्याच्या हिशेबात वाटून लागतो. लोकसभेला मर्यादा ९५ लाख, विधानसभेला ४० लाख. शाळेच्या किंवा देवस्थानच्या कार्यक्रमाला बोलावलेला कलाकार ऐनवेळी स्थानिक उमेदवाराला शेजारी बसवतो, तेव्हा तुमच्या मांडवाचा खर्च निवडणूक निरीक्षकांच्या वहीत जाऊ शकतो आणि सार्वजनिक न्यासाची करसवलत अडचणीत येऊ शकते. आमंत्रणात अट घाला: मंचावर कोण बसणार ती यादी मंडळाची, आणि आचारसंहिता लागली तर कार्यक्रम पुढे.

एक फट मात्र कायद्यातच आहे. खर्चाचा हिशेब उमेदवारी अर्जाच्या तारखेपासून निकालापर्यंतचा. त्याआधी दोन वर्षे 'फाउंडेशन'च्या नावाने वाटलेल्या छत्र्या, दप्तरे, आरोग्य शिबिरे यात येत नाहीत. गाव सवय लावून घेते, ग्रामपंचायतीकडे मागणी करायचे सोडते, आणि निकालानंतर शिबिर बंद होते. शिबिरात सापडलेल्या मधुमेहाच्या रुग्णाला पुढची गोळी कुठून मिळणार, हे पहिल्याच दिवशी विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत नाव चढवल्याशिवाय शिबिर घेऊ देऊ नका.

खासदार झालेल्या प्रसिद्ध व्यक्तींबद्दल. घटनेच्या कलम ८० प्रमाणे राष्ट्रपती राज्यसभेवर १२ सदस्य नेमतात. सचिन तेंडुलकर २०१२ ते २०१८ राज्यसभेत होते. उपस्थिती दहा टक्क्यांच्या आत, यावर टीका झाली आणि ती रास्त होती. तरी त्यांनी आंध्रातले पुट्टमराजुवारी कंड्रिगा आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले डोंजा ही गावे दत्तक घेतली. नामनियुक्त सदस्याला खासदार निधी देशातल्या कुठल्याही जिल्ह्यात सुचवता येतो, वर्षाला ५ कोटी. म्हणजे कोकणातली ग्रामपंचायतही प्रस्ताव पाठवू शकते. पण खासदार फक्त शिफारस करतो, मंजुरी जिल्हा प्रशासनाची, आणि वर्क ऑर्डर निघूनही काम सुरू नसेल तर आचारसंहितेत ते सुरू करता येत नाही. खासदारांनी गाव दत्तक घेण्याच्या सांसद आदर्श ग्राम योजनेला (सुरुवात ११ ऑक्टोबर २०१४) तर स्वतःचा निधीच नाही, आहे त्याच योजना त्या गावात एकत्र आणायच्या. 'दत्तक' शब्दाने गाव समजते की आता पैसा येणार. शेजारची गावे समजतात की आपला वाटा तिकडे गेला. दोन्ही समज पहिल्याच ग्रामसभेत दूर करावे लागतात.

बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते यांच्या मतदारसंघाला हे वेगळे सांगायला नको. सभा गाजवणे आणि प्रश्न वीस वर्षे धरून बसणे, दोन्ही एकाच माणसात असू शकते हे या किनाऱ्याने पाहिले आहे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण धावली, तिची मागणी हे दोघे त्याच्या कितीतरी आधीपासून मांडत आले होते.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. वरचे धरून पाहुण्यांना द्यायच्या पत्राचा मसुदा करतो. चुका काढा.

'आपण आमच्या गावी येत आहात याचा आनंद आहे. मंचावरून कोणतीही घोषणा करण्याआधी खालील गोष्टी लेखी ठरवू. (१) कामाची जागा ग्रामपंचायतीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या नावावर असून उतारा सोबत जोडला आहे. (२) देणगी फक्त सोबतच्या न्यासाच्या खात्यावर, पावतीसह. शिल्लक रक्कम याच पंचायतीतील इतर वाड्यांच्या पाणी व रस्ता कामासाठी. (३) वास्तू तयार होताच वापर सुरू होईल. उद्घाटनासाठी ती बंद ठेवली जाणार नाही. (४) उद्घाटन एका पावसाळ्यानंतर. (५) एकूण खर्चाच्या १० टक्के रक्कम दुरुस्तीसाठी मुदत ठेवीत, सही सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी (आधीचे ग्रामसेवक) यांची. (६) काम दिलेल्या तारखेपर्यंत सुरू न झाल्यास ग्रामपंचायत ते दुसऱ्या निधीतून करण्यास मोकळी राहील.'

हिशेबनीस

क्रमांक २ आणि ५ एकमेकांशी जुळत नाहीत. देणगी न्यासाच्या खात्यात आणि ठेवीवर सही सरपंचांची, हे चालणार नाही. ठेव न्यासाच्याच नावावर ठेवा आणि सही दोन विश्वस्तांची. वास्तू हस्तांतरित झाल्यावर दरवर्षीचे व्याज ग्रामपंचायतीकडे देण्याचा ठराव न्यासाने करावा, म्हणजे सरपंच बदलले तरी अडत नाही.

तळकोकण

आणि पाचव्यात 'दुरुस्ती'च्या म्होरां 'वीजबिल' घाला.

खाडीकाठ

दोन्ही बदल केले. क्रमांक ५ आता असा: 'एकूण खर्चाच्या १० टक्के रक्कम न्यासाच्या नावे मुदत ठेवीत. हस्तांतरणानंतर व्याजातून दुरुस्ती, वीजबिल आणि वर्षातून एकदा पाण्याची तपासणी.'